विधानमंडळाचं कामकाज आणि समित्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर पायऱ्यांवरच्या घोषणा दिसतात आणि मग ठरावीक प्रश्न येऊ लागतात. अधिवेशन संपल्यावर वेगळे प्रश्न येतात. ते बहुधा ज्यांच्या गावात किंवा कार्यालयात एखादी समिती येऊन गेली आहे अशांचे असतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, चकवणारे अपवाद शेवटाकडे आहेत. सगळा संदर्भ महाराष्ट्राचा आहे.

१. विधानसभा, विधान परिषद आणि विधानमंडळ यांत फरक काय?

विधानसभा आणि विधान परिषद ही दोन सभागृहं आणि राज्यपाल मिळून विधानमंडळ होतं. विधानसभेत २८८ आमदार असतात, सगळे थेट लोकांनी निवडलेले. परिषदेत ७८ असतात: ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. परिषद कधीच विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. विधानसभेत अध्यक्ष असतात, परिषदेत सभापती. बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, तेवढं सांभाळा.

२. वर्षात अधिवेशनं किती? आणि हिवाळी अधिवेशन नागपूरलाच का?

साधारण तीन: अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि हिवाळी. राज्यघटनेची अट इतकीच आहे की दोन अधिवेशनांच्या मध्ये सहा महिन्यांचं अंतर पडू नये. तीनच घ्या किंवा अमुक दिवस चालवा, असं घटना सांगत नाही.

नागपूरचं मूळ १९५३ च्या नागपूर करारात आहे. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावं, असं त्यात ठरलं. ते हिवाळीच असावं असं नव्हे. म्हणून २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतलं गेलं, आणि ६ जुलैला पावसाचं पाणी शिरून विधानभवनाची वीजच गेली. पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात का बरं असतं, याचं उत्तर त्या दिवशी सगळ्यांना आपोआप मिळालं. करोनाकाळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं.

३. 'तहकूब', 'संस्थगित' आणि 'विसर्जित' यांत काय फरक?

तहकुबी म्हणजे बैठक थांबवणं: पंधरा मिनिटांसाठी, दिवसासाठी किंवा पुढच्या तारखेपर्यंत. ती अध्यक्ष किंवा सभापती करतात. संस्थगित म्हणजे अधिवेशनच संपलं, आणि तो आदेश राज्यपालांचा. विसर्जन फक्त विधानसभेचं होतं, त्यानंतर निवडणूक. अर्धवट राहिलेल्या विधेयकांवर याचा परिणाम वेगवेगळा होतो (प्रश्न २२ पाहा).

४. सभागृहाचा एक दिवस कसा जातो?

आदल्या दिवशी 'कामकाजाचा क्रम' निघतो. किती वेळ कशाला द्यायचा हे सर्वपक्षीय कामकाज सल्लागार समितीत ठरलेलं असतं. दिवसाची सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासाने होते. मग अहवाल आणि अधिसूचना पटलावर ठेवल्या जातात (म्हणजे सभागृहाला अधिकृतपणे सादर होतात), विरोधकांचे स्थगन प्रस्ताव येतात (आणि बहुतेक नाकारले जातात), मग लक्षवेधी, विधेयकं आणि चर्चा. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अध्यादेश पटलावर येतात, पुरवणी मागण्या मांडल्या जातात, तालिका अध्यक्षांची (अध्यक्ष नसताना कामकाज चालवणाऱ्या सदस्यांची) नावं जाहीर होतात, आणि शोकप्रस्तावानंतर सभागृह उठतं.

टीव्हीवर दिसणारा गोंधळ बहुधा सकाळच्या तासाभरातला असतो. विधेयकं आणि मागण्या दुपारनंतर येतात. तोवर पत्रकार कक्ष अर्धा रिकामा झालेला असतो.

५. तारांकित आणि अतारांकित प्रश्न म्हणजे काय? उत्तरं इतकी गुळमुळीत का असतात?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. तारांकित प्रश्नांची यादी मोठी असते आणि तासाभरात मोजकेच पुकारले जातात. राहिलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर येतात. उत्तर समाधानकारक नसेल तर अध्यक्ष प्रश्न 'राखून ठेवू' शकतात, म्हणजे मंत्र्यांना तयारी करून पुन्हा यावं लागतं.

आता उत्तराबद्दल. या प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. 'अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्याचे माहे जानेवारीमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' त्याखाली 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय', मग 'असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली', आणि शेवटी हमखास: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तराचाही साचा आहे: 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', आणि शेवटच्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'.

मजकूर वाचायचा असेल तर 'अंशतः खरे आहे' शोधा. आपली चूक कुठवर मान्य करायची, याची सीमारेषा विभागाने तिथे आखलेली असते. त्यापुढच्या चार ओळींत पदांची संख्या, निविदेची तारीख, चौकशी अधिकाऱ्याचा हुद्दा अशी माहिती सापडते. माहिती अधिकारात तीच मिळवायला महिना जातो. 'हे खरे नाही' असं ठाम उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. पुढे ते खोटं ठरलं तर सभागृहाची दिशाभूल झाली असा मुद्दा उपस्थित होऊ शकतो (प्रश्न १७).

६. लक्षवेधी, स्थगन, औचित्याचा मुद्दा, '२९३ ची चर्चा'... हे सगळं वेगळं आहे का?

हो. लक्षवेधी सूचना म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणं. मंत्री निवेदन करतात, मग सदस्य प्रश्न विचारतात. विधानसभेत हे नियम १०५ खाली होतं. स्थगन प्रस्ताव नियम ५७ खाली येतो: ठरलेलं कामकाज बाजूला ठेवा आणि आधी यावर बोला, अशी मागणी. परिषदेत हेच काम नियम २८९ करतो. तो मान्य होणं दुर्मीळ. पण तो मांडताना विरोधी पक्षाला दोन मिनिटं बोलायला मिळतात, आणि खरा उपयोग तोच. नियम २९३ ची चर्चा लांब असते आणि शेतकरी, कायदा-सुव्यवस्था, मुंबईचे प्रश्न असे विषय त्यात येतात. परिषदेत ती नियम २६० खाली होते.

औचित्याचा मुद्दा म्हणजे आमदाराने उभं राहून मतदारसंघातला विषय कानावर घालणं. मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं असं बंधन नाही. हरकतीचा मुद्दा निराळा: कामकाज नियमाला धरून चाललेलं नाही, एवढंच त्यात सांगायचं असतं. प्रत्यक्षात हरकतीच्या नावाखाली भाषणच ठोकलं जातं आणि अध्यक्ष 'यात हरकतीचा मुद्दा नाही' म्हणून खाली बसवतात.

७. मंत्री सभागृहात 'चौकशी करू' म्हणाले. पुढे काय होतं?

ही या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत कमी ओळखली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत कामाची जागा आहे. सभागृहात मंत्री जे जे 'करू' म्हणतात ते कार्यवाहीतून वेचून काढलं जातं आणि आश्वासन म्हणून त्याची नोंद होते. 'तीन महिन्यांत अहवाल मागवू', 'दोषींवर कारवाई केली जाईल', 'बैठक बोलावू' ही सगळी आश्वासनंच. ती संबंधित विभागाकडे जातात आणि विभागाने पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. तो आला नाही किंवा अर्धवट आला तर आश्वासन समिती विभागाच्या सचिवांना बोलावून विचारते.

मंत्री बदलले, सचिव बदलले, तरी आश्वासन विभागाच्या नावावर राहतं. वर्षानुवर्षं प्रलंबित राहिलेली आश्वासनंही असतात, हे खरंच आहे. पण रस्ता किंवा रुग्णालयाचा पाठपुरावा करणाऱ्याने 'मंत्री बोलले होते' असं सांगण्याऐवजी अधिवेशन, तारीख आणि लक्षवेधीचा क्रमांक सांगितला, तर मंत्रालयातला कक्ष अधिकारी फाईल शोधायला उठतो. तारखेशिवायच्या तक्रारीला तो उठत नाही.

सावध मंत्री म्हणून 'तपासून पाहू' आणि 'सकारात्मक विचार करू' यांवरच भागवतात. ते आश्वासन धरायचं की नाही, यावर समितीत खल होतो.

८. माझ्या गावचा प्रश्न सभागृहात कसा पोहोचवायचा?

तुम्ही थेट विचारू शकत नाही, आमदारामार्फतच. मात्र तुमच्याच मतदारसंघाचा आमदार हवा असं नाही. परिषदेतला पदवीधर किंवा शिक्षक आमदार, किंवा त्या विषयात रस असलेला दुसऱ्या जिल्ह्यातला आमदारही प्रश्न देऊ शकतो. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन आमदार निवासात जाणाऱ्यांची गर्दी असते. तोवर तारांकितची मुदत संपलेली असते. त्या वेळी लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा हा मार्ग उरतो.

कागद एक पानाचा ठेवा. गावाचं नाव, योजनेचं नाव, रक्कम, कामाचा आदेश, तारीख. 'अन्याय होत आहे' या वाक्यातून प्रश्न तयार करता येत नाही.

याशिवाय विनंती अर्ज समिती आहे. लोकांच्या सह्यांचा अर्ज आमदारामार्फत सभागृहात सादर होतो आणि समिती विभागाकडून खुलासा मागवते. वेळ लागतो, पण व्यापक प्रश्नाला हा रस्ता बरा.

९. विधेयकाचा कायदा होईपर्यंत काय काय होतं?

आधी विधेयक पुरःस्थापित होतं, म्हणजे सभागृहात मांडलं जातं. मग ते 'विचारात घ्यावे' या प्रस्तावावर चर्चा, त्यानंतर खंडशः (कलमवार) विचार आणि दुरुस्त्या, शेवटी 'संमत करावे'. दुसऱ्या सभागृहात हेच पुन्हा. मग राज्यपालांची संमती. केंद्राच्या कायद्याशी विसंगती असेल तर राज्यपाल विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या शक्ती विधेयकाचं तसंच झालं: डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आलं नाही.

मतभेद असलेलं विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवता येतं. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये असं पाठवलं गेलं, १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते दुरुस्त्यांसह संमत झालं. नागरिकाला कायद्याच्या मजकुरावर लेखी बोलता येतं अशी ही जवळपास एकच वेळ असते. बहुतेक विधेयकं मात्र समितीकडे जात नाहीत. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत तासाभरात चार-पाच हातावेगळी होतात, आणि खंडांचे क्रमांक भराभर पुकारले जात असताना ऐकणारे फार थोडे असतात.

१०. विधान परिषद विधेयक अडवू शकते का?

लांबवू शकते, अडवू शकत नाही. साध्या विधेयकावर परिषद पहिल्यांदा तीन महिने घेऊ शकते. विधानसभेने ते पुन्हा संमत केलं तर आणखी एक महिना. त्यानंतर विधानसभेचं म्हणणं अंतिम. धन विधेयक (फक्त कर, खर्च अशा पैशांच्या बाबींचं) चौदा दिवसांत परत करावं लागतं. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही.

११. दर अधिवेशनात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या कशा काय येतात? अर्थसंकल्प कशाला मग?

विधानसभेने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. मार्चमध्ये मंजूर झालेली रक्कम कमी पडली, किंवा वर्षाच्या मध्येच नवी योजना जाहीर झाली, तर पुरवणी मागणी घ्यावी लागते. नैसर्गिक आपत्ती, केंद्राच्या योजनेतला राज्याचा वाटा ही रास्त कारणं. पण आकडे दर वेळी फुगत गेले तर मूळ अंदाज सैल होता असाच त्याचा अर्थ, आणि कॅगच्या (सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या घटनात्मक यंत्रणेच्या) अहवालांत पुरवणी घेऊनही न खर्चलेल्या रकमांवर ताशेरे असतात.

मागण्यांवर विभागवार चर्चा ठेवतात, सदस्य कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा, असं सुचवणाऱ्या) देतात, आणि ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. याला गिलोटिन म्हणतात. परिषद अर्थसंकल्पावर चर्चा करते, मागण्यांवर मत देत नाही. निवडणुकीच्या वर्षी आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरती खर्चाची मंजुरी, घेतात: २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम आणि २८ जूनला पूर्ण अर्थसंकल्प मांडला गेला.

१२. बाकं रिकामी दिसतात. मग कामकाज वैध कसं?

गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एक दशांश किंवा दहा, यांतली मोठी संख्या. म्हणजे विधानसभेत २९ आणि परिषदेत १०. कमी आहेत असं कोणी लक्षात आणून दिलं तर घंटा वाजवतात आणि लॉबीतले, उपाहारगृहातले सदस्य आत येतात. कोणी बोललंच नाही तर कामकाज चालू राहतं.

१३. समित्या कोणत्या आणि आमदार त्यात नेमकं करतात काय?

ढोबळमानाने चार जाती आहेत. पैशांवर नजर ठेवणाऱ्या: लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायती राज. समाजघटकांसाठीच्या: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, महिलांचे हक्क व कल्याण इत्यादी. सभागृहाचं काम सांभाळणाऱ्या: कामकाज सल्लागार, आश्वासन, विशेषाधिकार, विनंती अर्ज. आणि घरच्या कारभाराच्या: ग्रंथालय, आमदार निवास, आहार व्यवस्था. रोजगार हमी योजनेची स्वतंत्र समिती हे महाराष्ट्राचं खास, कारण योजनेचा कायदाच इथे १९७७ साली झाला.

सभागृहात पक्षाची भूमिका घ्यावी लागते. समितीत दारं बंद असतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे सत्ताधारी आमदारही सचिवाला धारेवर धरतो. चांगला आमदार ओळखायचा तर भाषणांऐवजी समितीतली हजेरी बघावी, असं माझं मत आहे. अडचण एवढीच की ती हजेरी सहसा कोणी छापत नाही.

१४. लोकलेखा समिती आणि अंदाज समिती यांत फरक काय?

लोकलेखा झालेला खर्च तपासते: कॅगचा अहवाल पटलावर आला की त्यातले परिच्छेद घेऊन विभागाची साक्ष होते. अंदाज समिती अंदाजपत्रकातल्या तरतुदी, काटकसर आणि योजनेची अंमलबजावणी बघते. मंत्री यांचे सदस्य नसतात, आणि लोकलेखाचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे.

१५. 'पीआरसी' आली की जिल्हा परिषद एवढी का हादरते?

पीआरसी म्हणजे पंचायती राज समिती. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या लेखापरीक्षण अहवालांतले आक्षेप घेऊन ती जिल्ह्यात येते. दौरा साधारण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष, मग सदस्य गट करून तालुक्यांत पांगतात आणि शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, पाणीपुरवठ्याची कामं बघतात, आणि शेवटी पुन्हा साक्ष.

तारीख जाहीर झाली की कपाटांतून जुन्या नस्त्या निघतात. आक्षेप असतो पाच-सात वर्षांपूर्वीचा. तेव्हाचा गटविकास अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात, लेखाधिकारी निवृत्त, आणि आत्ताच्या माणसाला उत्तर द्यायचं असतं. शाळेच्या भिंती रंगतात, आरोग्य केंद्राबाहेर औषधसाठ्याचा फलक नव्याने लिहिला जातो, शिक्षक पोषण आहाराच्या नोंदी जुळवत बसतात. गट कुठल्या गावाला जाणार हे आधी सांगत नाहीत, म्हणून रस्त्याकडेची सगळीच गावं सज्ज होतात.

दौऱ्यांची दुसरी बाजूही लपलेली नाही. सरबराईच्या नावाखाली कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा होते, अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांत ऐकू येतात. मे २०२५ मध्ये अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहात १ कोटी ८४ लाखांहून अधिक रोकड सापडली आणि राज्यभर गदारोळ झाला. वर्गणी मागितली गेली तर समिती प्रमुख किंवा विधानमंडळ सचिवालयाकडे लेखी तक्रार करता येते. समितीच्या खर्चाची जबाबदारी ग्रामसेवकावर किंवा शिक्षकावर कोणत्याही नियमाने येत नाही.

१६. समितीची शिफारस बंधनकारक असते का? बैठकीला सामान्य माणूस जाऊ शकतो का?

बंधनकारक नाही. विभागाने काय केलं याचा अहवाल द्यावा लागतो, नाही केलं तर कारण द्यावं लागतं. समितीचा दरारा शिफारशीपेक्षा साक्षीत जास्त आहे: सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला कागद समोर ठेवून उत्तर द्यावं लागतं आणि ते शब्दशः नोंदवलं जातं. कमजोरी ही की अहवाल पटलावर ठेवले जातात आणि सभागृहात त्यांवर चर्चा क्वचितच होते.

बैठका बंद दाराआड होतात. अहवाल पटलावर येईपर्यंत मजकूर गोपनीय असतो, आधी फोडला तर तो विशेषाधिकाराचा भंग. समितीने निवेदनं मागवली असतील, किंवा ती जिल्ह्यात आली असेल, तर भेटून कागद देता येतो.

१७. हक्कभंग म्हणजे आमदाराचा अपमान का?

आमदार म्हणून काम करण्यात अडथळा आणणं, सभागृहाची दिशाभूल किंवा अवमान करणं म्हणजे विशेषाधिकाराचा भंग. तहसीलदाराने फोन उचलला नाही एवढ्याने तो होत नाही, जरी सूचना तशाही येतात. अध्यक्षांनी अनुमती दिली तर प्रकरण विशेषाधिकार समितीकडे जातं, समिती ऐकून घेते, शिक्षा सभागृह ठरवतं: समज, ताकीद किंवा कैद. बहुतेक प्रकरणं दिलगिरीवर मिटतात. सगळीच नाहीत: २००८ मध्ये राज्याचे तत्कालीन निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विधानसभेने दोन दिवसांची कैद सुनावली होती.

सभागृहातल्या भाषणासाठी आमदारावर कोर्टात खटला होत नाही. मात्र मत किंवा भाषण यासाठी लाच घेतली तर हे संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

१८. हौद्यात (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरले, राजदंड पळवला. किती काळ निलंबित करता येतं?

चालू अधिवेशनापुरतं. ५ जुलै २०२१ ला विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. तर्क ऐकण्यासारखा आहे: आमदाराला काढून टाकलं तर पोटनिवडणूक होते आणि मतदारसंघाला नवा प्रतिनिधी मिळतो, वर्षभर निलंबित केलं तर जागा भरलेली दिसते आणि प्रतिनिधी नसतो. सभागृहाच्या कामकाजात न्यायालय सहसा पडत नाही. कार्यपद्धतीतली चूक ते तपासत नाही, पण बेकायदेशीरपणा तपासतं.

१९. व्हिप मोडला की आमदारकी जाते का?

आपोआप नाही. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रतेची याचिका होऊ शकते. निर्णय अध्यक्षांचा, परिषदेत सभापतींचा. व्हिप कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रातच पेटला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद (व्हिप काढणारा आमदार) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाचा, नव्हे.

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात, तरी विरुद्ध मतासाठी पक्षांतरबंदी कायद्याने अपात्रता येत नाही. परिषदेच्या निवडणुकीत मतदान गुप्तच असतं.

२०. विरोधी पक्षनेता होण्यासाठी एक दशांश आमदार लागतात, असा कायदा आहे का?

१९७८ च्या राज्याच्या कायद्यात तसा आकडा नाही. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. एक दशांश हा संकेत. २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या कोणालाच २९ चा आकडा गाठता आला नाही (शिवसेना ठाकरे गट २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी शरद पवार गट १०) आणि वाद सुरू झाला.

२१. आमदार नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो? तो सभागृहात बोलू शकतो?

सहा महिने, हो. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. मुदत संपत आली असताना मे २०२० मध्ये ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले. एकदा सहा महिने संपले की राजीनामा देऊन त्याच विधानसभेच्या काळात पुन्हा तशीच नेमणूक घेता येत नाही.

मंत्री दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, मत फक्त आपल्या सभागृहात. महाधिवक्त्यांनाही बोलता येतं, मत नाही. म्हणूनच एकाच दिवशी एक मंत्री इकडून तिकडे धावताना दिसतो आणि 'मंत्री वरच्या सभागृहात आहेत' म्हणून लक्षवेधी पुढे ढकलली जाते.

२२. विधानसभा विसर्जित झाली तर अर्धवट विधेयकांचं काय?

अधिवेशन संस्थगित झाल्याने विधेयक बाद होत नाही. विसर्जनाने होतं, पण सगळं नाही. विधानसभेत प्रलंबित असलेलं, किंवा विधानसभेने संमत करून परिषदेत अडकलेलं विधेयक बाद होतं. परिषदेतच मांडलेलं आणि विधानसभेकडे अजून न गेलेलं विधेयक मात्र टिकतं. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडलं होतं, ते जुन्या विधानसभेबरोबर गेलं आणि डिसेंबरात नव्याने मांडावं लागलं (प्रश्न ९).

अध्यादेशाचं गणित वेगळं आहे: अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर तो संपतो.

२३. सभागृहात कोण काय बोललं याची प्रत कुठे मिळते?

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही आणि प्रश्नांच्या याद्या असतात, थेट प्रक्षेपणही होतं. भाषणानंतर लगेच हाती येते ती 'असुधारित प्रत'. प्रतिवेदकांनी घेतलेली, सदस्यांनी न तपासलेली. तिच्यावरून उतारा देऊ नका. अध्यक्षांनी काढून टाकलेले शब्द अंतिम कार्यवाहीत नसतात, ते छापलेत तर प्रश्न १७ तुमच्यासाठी आहे.

२४. शपथ न घेता आमदार सभागृहात बसला तर?

दर दिवसाला ५०० रुपये दंड. घटनेत ही रक्कम १९५० पासून तेवढीच आहे.